साठ वॅटचा चोर

"या घरात एक चोर आहे, आणि आज जेवायला बसायच्या आत मी त्याला मुद्देमालासकट पकडून दाखवतो," असं बाबांनी त्या रविवारी सकाळी जाहीर केलं.

आई भाजी निवडत होती. मी वाचत होते. दोघींपैकी कोणीही मान वर केली नाही. बाबांच्या घोषणांची आम्हाला सवय होती. ते आयुष्यभर शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण गळ्यातली शिटी सुटली नाही. आंघोळीला जातानाही ती ते खुंटीला अडकवायचे आणि बाहेर आल्यावर बनियनच्या आधी गळ्यात घालायचे.

चोराचं प्रकरण सुरू झालं ते मीटरपासून. वीज कंपनीने आमचा जुना, चकती फिरवणारा मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला आणि सोबत घरात ठेवायला पोस्टकार्डाएवढा एक डिस्प्ले दिला. या घटकेला घरात किती वीज जळते आहे, ते त्यावर दिसतं. दिवा लावला की आकडा वर, मालवला की खाली. चारचौघांनी हा आकडा महिन्यातून एकदा बघून सोडून दिला असता. बाबांनी त्या डिस्प्लेचं नाव 'खबऱ्या' ठेवलं आणि त्याला आपल्या आरामखुर्चीशेजारच्या तिपाईवर बसवलं. आईने त्याचं नाव 'सवत' ठेवलं.

तेव्हापासून आमच्या घरातलं खासगी आयुष्य संपलं. मी डोक्याला साबण लावून उभी असले की बाहेरून आवाज यायचा, "तीन हजार वॅट! वाळवी, झालं का?" वाळवी म्हणजे मी. लहानपणापासून पुस्तकं खाते म्हणून. आईने केस वाळवायला घेतले की बाबा दारात उभे. "बाराशे. उन्हात का नाही वाळवत?"

"बाहेर अंधार आहे म्हणून," आई म्हणायची.

हे सगळं आम्ही सहन केलं असतं. पण एक गोष्ट बाबांना सहन होईना. घरातलं सगळं बंद केलं तरी खबऱ्या साठ वॅट दाखवायचा. सकाळी साठ. दुपारी साठ. आम्ही तिघं बाहेर जाऊन परत आलो तरी तो तिथे निर्लज्जासारखा साठ दाखवत बसलेला. पहिल्याच दिवशी बाबांनी घराचं मेन स्विच बंद करून पाहिलं होतं, पण खबऱ्याही घरातल्याच विजेवर चालत असल्यामुळे तोही विझला. आरोपी आणि साक्षीदार एकाच वेळी गप्प! बाबांना हा पळपुटेपणा वाटला. म्हणाले, "मैदानावर खेळून जिंकायचं."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाबांची पाठ दुखायची. शाळेच्या निरोपसमारंभात "आजकालच्या पोरांना साधी कोलांटी येत नाही" म्हणून त्यांनी व्यासपीठावर कोलांटी मारून दाखवली होती. मारली उत्तम. उठायला चार शिक्षक लागले. तेव्हापासून ते खुर्चीत तीन हप्त्यांत बसायचे आणि वर "खुर्चीच अवघड आहे" म्हणायचे. मीटर यायच्या आधीच मी त्यांच्यासाठी विजेवर चालणारा शेकाचा पॅड आणला होता. पण आमच्या घरात कोणी कोणाला "तुझ्यासाठी आणलं" असं म्हणत नाही. तशी पद्धतच नाही. म्हणून मी म्हणाले, "सेलमध्ये होता. एकावर एक फुकट म्हणून आणला."

"मग दुसरा कुठंय?" बाबा म्हणाले.

"ऑफिसात देऊन टाकला."

"मग हाही देऊन टाक. म्हाताऱ्यांना लागतात असल्या गाद्या. मला काय झालंय?"

चार दिवसांनी मी विचारलं तर म्हणाले, "वॉचमनला दिला." मी "बरं" म्हटलं आणि विषय संपला.

तर त्या रविवारी बाबांनी डावपेच समजावले. एक शिटी म्हणजे बंद. दोन शिट्या म्हणजे चालू. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून बंद केलेल्या वस्तूचं नाव घेऊन ओरडायचं. आई स्वयंपाकघर, मी बाकीचं घर, बाबा आरामखुर्चीत, खबऱ्यासमोर.

"तुम्ही का नाही उठत?" मी विचारलं.

"कॅप्टन आपली जागा सोडत नाही."

एक शिटी वाजली.

"पंखे बंद," मी ओरडले. "टीव्ही बंद. गीझर बंद."

"मिक्सर बंद," आई म्हणाली. "फ्रिज बंद."

"एकशे साठ!" बाबा गरजले. "कोणीतरी खोटं बोलतंय."

आईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मग आई म्हणाली, "फ्रिज नाही केला बंद."

"बंद म्हणालीस ना आत्ता?"

"तोंडाने केला. आत कस्टर्ड सेट होतंय."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा दगा होईल असं बाबांना वाटलं नव्हतं. फ्रिज बंद झाला. आकडा खाली आला आणि साठावर येऊन ठाण मांडून बसला.

"म्हणजे चोर घरातला नाही," बाबा म्हणाले. "आपल्या वायरीतून कोणीतरी खालून नाहीतर वरून ओढतंय. वाळवी, तू खाली शिंप्याकडे जा. अगं, तू वर डॉक्टरीणबाईंकडे. शिटी वाजली की त्यांना म्हणावं, सगळं बंद करा. खबऱ्या शून्यावर आला की चोर सापडला."

"रविवारी सकाळी लोकांच्या घरात जाऊन असं सांगायचं?" आई म्हणाली.

"प्रेमाने सांग."

खाली शिंपीकाका मशीनवर वाकले होते. पडद्याआड एक तरुण कमरेला टॉवेल गुंडाळून उभा होता.

"नवरदेव आहे," काका म्हणाले. "दुपारी लग्न. पँट सैल झाली म्हणून धावत आलाय. सरांना सांग, नंतर."

"एकच मिनिट, काका. शिटी वाजली की बटण बंद, दोनदा वाजली की चालू."

काका सरांना नाही म्हणू शकत नव्हते. तशी आमच्या इमारतीत कोणाचीच टाप नव्हती. शिटी वाजली, काकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन थांबलं. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांचा पाय पॅडलवर तसाच दाबलेला राहिला आणि हात पँटवर. दोन शिट्या वाजल्या. बटणाजवळ मीच उभी होते, मीच ते दाबलं. मशीन चौखूर उधळलं. काका "अरे, अरे" म्हणेपर्यंत पँटचा डावा पाय उजव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत शिवला गेला होता. शिवण मात्र अगदी सरळ होती.

पडद्याआडून आवाज आला, "झालं का, काका?"

"झालं," काका म्हणाले. "पण लग्नाला उड्या मारत जावं लागेल."

वर दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक वकीलसाहेब डोकं खाली, पाय वर असे आडवे होते. तोंड उघडं, अर्धं बधिर, आत कापूस. डॉक्टरीणबाई त्यांना वर घेत असतानाच शिटी वाजली आणि आईने, प्रेमाने, बटण बंद केलं. वकीलसाहेब अधांतरी लटकले. आई म्हणते, त्यांच्या खिशातली नाणी, किल्ल्या आणि एक कंगवा एकेक करून त्यांच्याच चेहऱ्यावर पडत होते आणि त्यांना हूं की चूं करता येत नव्हतं. दोन शिट्यांनंतर खुर्ची अशी काही ताडकन उभी राहिली, की वकीलसाहेब आपोआप दारापर्यंत चालत गेले.

थोड्याच वेळात आमच्या दारात मोर्चा आला. पुढे शिंपीकाका, हातात ती एकपायी पँट. मागे टॉवेलमधला नवरदेव. त्याच्यामागे हातमोजे घातलेल्या डॉक्टरीणबाई. आणि सगळ्यांत मागे वकीलसाहेब, तोंडाच्या जाग्या अर्ध्या भागाने कायद्याची कलमं म्हणत.

दुसरा कोणी असता तर दार लावून बसला असता. बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "या, या, बसा. अगं, पाहुण्यांना चहा टाक. विजेच्या किटलीत टाक." आणि किटली लावताच त्यांनी खबऱ्या उचलून सगळ्यांसमोर धरला. "बघा. दोन हजार साठ. किटली दोन हजाराची. मग वरचे साठ कोणाचे? बोला."

भांडायला आलेली माणसं नकळत पुढे वाकली.

"फ्रिज?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बंद. हिचं कस्टर्ड वितळतंय बघा."

"दाराची बेल?" नवरदेव म्हणाला.

"बेल एवढं खात नाही, जावईबापू."

"अमचा मऽऽमला," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुढे बरंच काही मांडलं. बाबांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं आणि "मुद्दा विचार करण्यासारखा आहे" म्हणाले. वकीलसाहेबांचा राग तिथेच उतरला. त्यांचं इतकं शांतपणे कोर्टातही कोणी ऐकत नसावं.

मग शिंपीकाका आमच्या सोफ्यावर बसून पँट उसवू लागले, नवरदेव टॉवेल सावरत कस्टर्ड खाऊ लागला आणि बाकीचे चोर कोण यावर वाद घालू लागले. अर्धा तास गेला. जाताना नवरदेव बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आमच्याकडेही असा डिस्प्ले बसवून घेतो."

"आधी लग्न कर," बाबा म्हणाले. "मग बायकोला विचार."

संध्याकाळी दिवाणखान्यात आम्ही दोघंच होतो. मी सकाळचंच पुस्तक घेऊन बसले होते. बाबा बराच वेळ खबऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी खुर्चीत जरा चुळबुळ केली आणि घसा साफ केला.

"वाळवी, चोर सापडला बहुतेक."

"कोण?"

"उद्या सांगतो. मामला जरा नाजूक आहे."

"बघू," मी म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले. ही विनोदी गोष्ट आहे, म्हणून त्या दिवसाबद्दल एवढंच.

भेटायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली. मी ऑफिसला जाऊ लागले. मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. आईने घरातलं सगळं आवरलं, फक्त दिवाणखान्याचा तो कोपरा सोडून. खुर्ची तिथेच, तिपाई तिथेच, शिटी खुर्चीच्या दांडीला अडकवलेली. तिकडे आम्ही दोघीही जायचो नाही. झाडतानासुद्धा केरसुणी लांबून वळायची. खबऱ्या मात्र इमानाने चालू होता. रात्री सगळं मालवलं की आई मान लांब करून बघायची आणि म्हणायची, "साठच आहेत अजून."

एक दिवस मी खबऱ्याची पिन काढायला गेले.

"राहू दे तो तिथे," आई म्हणाली.

"तुझी सवत ना ती?"

"सवत असली तरी आता घरात आम्ही दोघीच असतो दिवसभर." तिने मान लांब करून आकडा बघितला. "त्यांनी उद्या सांगतो म्हटलं होतं, मामला नाजूक आहे म्हणाले होते, असं तूच सांगितलंस ना? काय सांगणार होते?"

"मला काय माहीत."

"तू विचारलं का नाहीस तेव्हा?"

मी वाचत होते, हे उत्तर होत नाही.

"हा माणूस कुठलीही मॅच अर्धवट सोडून घरी आला नाही," आई म्हणाली. "चोर कोण ते मला कळलं पाहिजे. तोवर ती खुर्ची हलणार नाही आणि मला जेवण जाणार नाही."

जेवण जात नव्हतं हे खरं होतं. तिच्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. शिंपीकाकांनी मला जिन्यात थांबवून ते सांगितलं होतं. मग मॅचचा उत्तरार्ध खेळायचं ठरलं.

पुन्हा रविवार होता. मी कोणालाही बोलावलं नव्हतं, तरी शिंपीकाका आले. "मशीन बंद, इस्त्री बंद, पाय पॅडलवरून काढलाय," असं त्यांनी दारातच सांगितलं. डॉक्टरीणबाईही आल्या. "माझ्या खुर्चीत आज कोणी नाही. खात्री करून आले," त्या म्हणाल्या. आई स्वयंपाकघरात गेली आणि आतून ओरडली, "फ्रिज खरंच बंद आहे. हवं तर येऊन बघा."

मी शिटी तोंडाला लावली. फुंकली. फक्त हवा आली. पुन्हा फुंकली. थुंकी उडाली. शिटी वाजवायला छातीत एवढा दम लागतो, हे मला माहीत नव्हतं.

"बस खाली आधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसून फुंक."

सोफ्यावरून खबऱ्याचा आकडा दिसला नसता, आणि त्या कोपऱ्यात बसायला एकच खुर्ची होती. मी बसले.

आणि टुणकन उठले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"खुर्ची गरम आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काका एकेक पाऊल मागे सरकत म्हणाले, "मशीन बंद केलं की नाही, जरा बघून येतो."

"आत्ताच केलं म्हणालात ना?" मी म्हणाले.

"पुन्हा करतो."

डॉक्टरीणबाई शास्त्र शिकलेल्या. त्या धीटपणे पुढे झाल्या आणि आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी खुर्चीच्या गादीला हाताचा उलटा पंजा लावला. "शंभर तरी असेल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मग आई आली. तिने गादीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी गादीकडे बघितलं. काकाही दारातून वाकून तिकडेच बघत होते. अचानक त्यांची भीती गेली आणि अंगातला कारागीर जागा झाला.

"ही गादी माझ्याकडे शिवलेली," ते म्हणाले. "पण ही मागची शिवण माझी नाही. ही कोण्या गाढवाने उसवून परत शिवलीय. दोरा बघा, केवढा जाड. आणि ही गाठ? ही काय गाठ आहे?"

आई खाली वाकली. "व्हॉलीबॉलच्या जाळीची," ती म्हणाली.

काकांनी खिशातून कात्री काढली. दोन गाठी कापल्या, आत हात घातला आणि बाहेर काढला तो शेकाचा पॅड. वॉचमनला दिलेला. अंगाला पांढरी वायर. ती खुर्चीच्या पाठीमागून खाली उतरून, सतरंजीखालून जाऊन, पुस्तकांच्या कपाटामागे शिरली होती. तिथे खालच्या फळीवर माझे शब्दकोश असतात. त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. प्लग त्यांच्याच मागे होता. मी ते कधीच हलवत नाही, हे घरात निदान एका माणसाला माहीत होतं.

"पण हा सारखा चालूच का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "लागेल तेव्हा लावायचा, नाहीतर बंद करायचा."

"बंद करायला वाकायला हवं," आई म्हणाली. "आणि वाकता येत असतं तर पॅड कशाला लागला असता?"

काका सोफ्यावर बसले. "म्हणजे सर पॅडवर बसून चोर शोधत होते? माझी पँट... तो वकील..."

"मला वाटायचं, सवतीपायी खुर्ची सोडत नाहीत," आई म्हणाली. आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग काका हसले, डॉक्टरीणबाई हसल्या. "नाजूक मामला," आई म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मी शब्दकोश बाजूला केले आणि प्लग काढला. खबऱ्यावर आकडा घसरला आणि एकावर थांबला.

"आता हा एक कोणाचा?" काकांनी संशयाने विचारलं.

"खबऱ्याचा स्वतःचा," आई म्हणाली. "त्यालाही पोट आहे." आणि मग म्हणाली, "बसा सगळे. चहा करते. मलाही भूक लागली आहे."

चहा झाला. काका आणि डॉक्टरीणबाई गेले. काका जाताना म्हणाले, गादी द्या, नीट शिवून देतो. आई म्हणाली, नको, गाठी राहू द्यात. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी वाजू लागली. दिवाणखान्यात मी एकटी होते.

मी पॅड पुन्हा गादीत सरकवला. कपाटामागे हात घालून प्लग लावला. वाकताना माझ्याही पाठीत कळ आली. वय माझंही होतंच आहे. खुर्चीत बसले. खबऱ्यावर आकडा चढत साठावर गेला आणि तिथे ठाण मांडून बसला. हळूहळू पाठ गरम होऊ लागली.

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं असतं, तर मीही सांगितलं असतं का? खात्री नाही. बहुतेक मी "बघू" म्हणाले असते. आमच्याकडे तशी पद्धतच नाही.

"बाबा," मी म्हणाले. रिकाम्या खोलीत आवाज फारच मोठा वाटला. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. आता थांबलीच आहेत तर बोलून टाकावं, असं वाटलं. "बाबा, तो सेलमध्ये नव्हता. दुसराही नव्हता. एकच होता, आणि तो तुमच्यासाठीच आणला होता. तुम्ही खुर्चीत बसताना दात आवळायचे ना, ते मला बघवत नव्हतं."